वितळतार
वितळतार किंवा फ्यूज : विद्युत् मंडलातील प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास स्वतः वितळून मंडल खंडित करणारी बारीक तार. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तिच्या अभिकल्पाचे मूळ सूत्र होय. तार बदलता येण्याजोग्या घरगुती प्रकारात चिनी मातीचा स्थिर तळ व हाताने उपसता येणारा धारक असतो. बोलीत यास ‘किटकॅट’ म्हणतात. तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असते. ५ अँपिअरसाठी ०·२ मिमी., तर १५ अँपिअरसाठी ०·५ मिमी. व्यासाची तार घेतात. ती निर्धारित प्रवाहाच्या सुमारे दुप्पट प्रवाहास वितळते. हा या प्रकाराचा मोठा दोष होय.

नागपूरसारख्या ठिकाणी हा दोष अधिक जाणवतो. तेथे मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. तांबे १,०८३° से.ला वितळत असल्याने हवेच्या उष्म्याने वितळतार फारशी लवकर तुटत नाही. भिंतीतील प्लॅस्टिकवेष्टित तारांची वहनक्षमता मात्र बरीच घटते. त्यातच कूलर व वातानुकूलन यंत्रांचा भार वाढून तार वारंवार वितळली की जाड तार गुंडाळण्याचा मोह होतो. व्यास दुप्पट केल्यास वितळप्रवाह सुमारे २·८ पट होतो. मग वितळतार शाबूत राहते आणि भिंतीतील तारांचे वेष्टन जळते. वितळतार फेजच्या तारेतच बसवितात. न्यूट्रलमध्ये ती तुटल्यास दिवा विझतो, पण मंडल भारितच राहते. नव्या घरांत बहुधा लघु मंडल-खंडक वापरतात. त्यांत बदलण्याजोगी तारच नसते.