पोर्टक्रिस्टलची फिर्याद

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'ड्रॅगन्स डॉग्मा' या २०१२ सालच्या खेळाचा उत्तरभाग तब्बल बारा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर २२ मार्च २०२४ रोजी बाजारात आला, तेव्हा स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी २ लाख २८ हजारांहून अधिक खेळाडू त्यात रमलेले असतानाच त्याच ठिकाणी नापसंतीच्या अभिप्रायांचा ढीग साचत होता. खेळाडूंचा रोष निराधार होता असे मुळीच नाही. परंतु फिर्यादीतली कलमे आणि प्रत्यक्ष गुन्हा यांचा मेळ मात्र पुष्कळ ठिकाणी बसत नव्हता.

सर्वांत गाजलेले कलम असे, की या जगात त्वरित प्रवास करायचा तर खऱ्या पैशांची थैली सोडावी लागते. वस्तुतः अशा प्रवासाला दोन जिनसा लागतात : जमिनीत रोवला की त्या स्थळाची खूण कायम करणारा पोर्टक्रिस्टल आणि प्रत्येक फेरीला खर्ची पडणारा फेरीस्टोन. कंपनीच्या दुकानात विक्रीस होता तो पोर्टक्रिस्टल, आणि तोही एकच; फेरीस्टोन पैशांनी कधी विकलाच गेला नाही, तो खेळातल्याच सुवर्णमुद्रांनी घ्यावा किंवा वाटेत सापडेल तेव्हा उचलावा. विकत घेतलेला क्रिस्टल हाती असूनही माणसाला रानावनातून पायपीट करावी लागते, नाहीतर बैलगाडीचे भाडे भरावे लागते, कारण प्रवास हाच खेळाचा गाभा असावा हा दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांचा आग्रह. प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष खेळाचा, अशा आशयाचे विधान त्यांनी प्रकाशनापूर्वीच केले होते. तेव्हा पैशांसाठी वाट अडवली हा आरोप टिकत नाही. पण ७० डॉलरांची पूर्ण किंमत वसूल करून घेतल्यावर उंबरठ्यातच किरकोळ वस्तूंचे दुकान मांडणे हे अशोभनीय होते, आणि 'सर्व काही खेळातही मिळते' ही सबब बहुतांशी खरी असली तरी त्या अशोभनीयतेवर ती पांघरूण घालू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा समज याच्याच पोटातला : त्याच दुकानातले, पात्राचे रूप पालटण्याचे पुस्तक खपावे म्हणूनच नवा डाव मांडण्याची सोय मुद्दाम ठेवली नाही. एकच पात्र, एकच नोंद आणि मागे फिरण्याला फारशी मुभा नाही, ही या खेळाची धारणाच होती. ती कठोर म्हणावी, पण कपटी नव्हे. कंपनीने प्रकाशनाच्याच दिवशी खुलासा केला आणि पुढे पहिल्या पॅचने जुनी नोंद असताना नवा डाव सुरू करण्याची मुभा दिली. प्यादी, म्हणजे खेळाडूचे साथीदार, जिथे मिळतात त्या प्यादेसंघात मोजकाच असलेला त्या पुस्तकाचा साठाही ९९ वर नेला.

खेळ बुडाला, असेही बोलले गेले. पण पंधरवड्याच्या आतच त्याच्या २५ लाख प्रती खपल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

संगणकावर खेळ अडखळतो तो ग्राफिक्स कार्ड जुने म्हणून, या समजुतीने कित्येकांनी चित्रांचा दर्जा उतरवून पाहिला आणि ते निराश झाले. खरा भार प्रोसेसरवर होता : नगरातल्या प्रत्येक रहिवाशाचे अस्तित्व आणि हालचाल यांचा हिशेब यंत्राला क्षणोक्षणी करावा लागे, म्हणून उघड्या माळावर सुरळीत चालणारा खेळ राजधानी व्हर्नवर्थच्या वेशीत शिरताच मंदावे. काही महाभागांनी तर यावर उपाय म्हणून नागरिकांचीच कत्तल आरंभली, आणि वस्ती विरळ होताच वेग खरोखर वाढला! सप्टेंबर २०२४च्या पॅचने हा वेग सुधारला आणि सौम्य खेळासाठी कॅज्युअल मोडही दिला. त्याआधीच, ऑगस्टअखेरीस, इत्सुनो तीस वर्षांची चाकरी संपवून कंपनीतून बाहेर पडले होते.

राहता राहिला ड्रॅगन्सप्लेग. हाताखालच्या प्याद्याला या रोगाची लागण झालेली असावी, मालकाने बेसावधपणे सरायीत मुक्काम करावा आणि सकाळी उठून पाहावे तो सारे गाव प्रेतवत् झालेले. हा प्रकार पाहून अनेकांनी खेळात बिघाड झाल्याची तक्रार केली. तो बिघाड नव्हे, योजलेला प्रसंग होता. मात्र लक्षणे फारच अस्फुट होती, म्हणून पुढच्या एका पॅचने लागणीचे प्रमाण उतरवले आणि चिन्हे ठळक केली. गेलेली माणसे कायमची गेली, हेही तितकेसे खरे नाही : नगराच्या शवागारात जाऊन, हाती वेकस्टोन असेल तर, त्यांतल्या हव्या त्या माणसाला पुन्हा उठवता येते.