नळातला दाब

साथरोगांशी झालेल्या झुंजीचा इतिहास आपण बहुधा लशींवरून सांगतो. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच महिन्यात साथरोग कायदा आला. १० मार्चला सावित्रीबाई फुले, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. कराडला खेटून असलेल्या मलकापुरात आज कृष्णा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी साथरोगांच्या संदर्भात या गावाचं नाव मी घेईन ते पाण्याच्या मीटरसाठी.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळेपुरतंच सुटतं. ते बंद झालं की वाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे गळती असेल तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, इमानेइतबारे घातलेली असली, तरी वाटेत शिरलेल्या एवढ्या घाणीला ती पुरत नाही. मग गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर. वाहिनी सतत भरलेली आणि दाबाखाली असली, तर गळतीतून पाणी बाहेर जाईल, घाण आत येणार नाही.

महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने २००९ च्या सुमारास मलकापुरात हेच केलं. कोयनेचं पाणी, नव्या वाहिन्या, चोवीस तास पुरवठा. अशाने गाव पाणी उधळून टाकील, ही शंका रास्तच होती. पण प्रत्येक जोडणीला मीटर बसला आणि वापर वाढेल तसा दरही चढता ठेवला. तोट्या आपोआप बंद होऊ लागल्या. माझ्या मते योजनेचं खरं धाडस पंपात नव्हतं, या दरपत्रकात होतं. पाण्याचं बिल वाढवून मतं मागायला कोण तयार होतो?

अर्थात चोवीस तास पाणी म्हणजे रामबाण नव्हे. हुबळी-धारवाडच्या अशाच योजनेचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विषमज्वर कमी आढळला, गरीब घरांतल्या मुलांचे रक्ती जुलाबही. पण लहान मुलांच्या एकूण जुलाबांत ठळक फरक दिसला नाही. हात, माश्या, उघडी गटारं यांना मीटर बसत नाही. शिवाय हवेतून येणाऱ्या रोगाला नळाचं काय? मार्च २०२० मध्ये जवळच्याच इस्लामपुरात एका कुटुंबातून करोना पसरला, तेव्हा कामी आलं ते संपर्कातली माणसं हुडकणं, विलगीकरण आणि नाकाबंदी. प्लेगच्या काळातलीच हत्यारं, पण या वेळी लोकांना सोबत घेऊन चालवलेली.

डेंग्यूचं गणित मात्र पुन्हा पाण्याशीच येतं. नळ बेभरवशाचा असला की घरोघरी पिंपं भरून राहतात आणि डासांची सोय होते. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणून आशाताई दारोदार सांगतात. पण उद्या पाणी येईल की नाही हेच ठाऊक नसलेली बाई पिंप रिकामं कसं करील?

२०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला; पालिकेला विहिरींपासून टँकरपर्यंत सगळं पाणी तपासावं लागलं आणि खासगी आरओ केंद्रांना टाळं ठोकावं लागलं. नळावर विश्वास उरला नाही, की अशीच केंद्रं उभी राहतात.