लखोट्यातला ठोका

जुना फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवतो, मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. भोवती पट्टा फडफडतोय, पंखा घोंघावतोय, लोखंडी स्टँड थरथरतोय. क्षणभराने तो म्हणतो, ‘बेअरिंग गेलंय.’ एवढ्या गदारोळात त्याला ऐकू आलं तरी काय?

आज हेच काम मोटारीला चिकटवलेला बोटभर सेन्सर करतो. त्याच्या पोटात एक स्फटिक असतो. तो दाबला गेला की वीज देतो. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेला हा गुण. पण सेन्सरला सगळंच ऐकू येतं, आणि पडद्यावर उमटतं ते नुसतं गवताचं जंगल. त्यातला बेअरिंगमधल्या खड्ड्याचा ठोका वेगळा कसा काढायचा?

आधी ठोका पडतो कसा ते पाहू. लहान मोटारींत सर्रास आढळणारं ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. बाहेरची कडी घट्ट बसलेली, आतली शाफ्टबरोबर फिरणारी, मध्ये ९ छर्रे. बाहेरच्या कडीवर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा खड्डा पडला, तर त्यावरून जाणारा प्रत्येक छर्रा ‘टक्’ करणार. शाफ्ट मिनिटाला १४४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २४. मग ठोके २४ गुणिले ९, म्हणजे २१६?

नाही! एका बाजूला स्थिर कडी आणि दुसऱ्या बाजूला फिरती. त्यांच्यामध्ये लोळणारे छर्रे शाफ्टच्या निम्म्याहूनही थोड्या कमी वेगाने पुढे सरकतात. शाफ्टची एक फेरी होते तेव्हा त्यांचं रिंगण ०.३९८ फेरीच पुरं करतं. हिशेब केला की सेकंदाला सुमारे ८६ ठोके येतात. खड्डा आतल्या कडीवर असता तर हाच आकडा १३० झाला असता. ठोक्यांची गती हाच खड्ड्याचा पत्ता! मोटार उघडायचीही गरज नाही.

मग सरळ ८६ वर नजर ठेवली की झालं? तिथेच फसगत होते. ठोका इतका क्षणिक असतो की त्याचं बळ शेकडो कंपनांमध्ये विखुरतं आणि ८६ च्या वाट्याला जेमतेम चिमूटभर येतं. त्याच्या एका बाजूला शाफ्टचा २४ चा हेलकावा, दुसऱ्या बाजूला ५० हर्ट्‌झच्या विजेने मोटारीत उठणारी १०० ची गुणगुण. चिमूट त्यात कुठल्या कुठे हरवते.

पण ठोक्याने आणखी काहीतरी केलेलं असतं. त्याने लोखंड वाजवलेलं असतं! देवळातली घंटा आठवा. भक्ताने टोल कितीही घाईने दिला, तरी घंटा आपल्याच सुरात घणघणते आणि हळूहळू विरते. बेअरिंगच्या घराचाही असा सूर असतो, बहुधा सेकंदाला काही हजार कंपनांचा. मोटारीचा मोठा गोंगाट मात्र खालच्या पट्टीत चाललेला. म्हणून फिल्टर लावून खालचं सगळं कापून टाकायचं आणि तो उंच, शांत पट्टाच तेवढा ठेवायचा. १९७४ मध्ये अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधली बेअरिंगं तपासायला हीच युक्ती वापरली गेली.

आता हातात घणघणाट आहे. पण घंटेचा सूर आपल्याला नकोच आहे. भक्त किती आले ते मोजायचंय. म्हणून शून्याखालची प्रत्येक लाट उलटून वर घ्यायची आणि सगळ्या शेंड्यांवरून एक मऊ रेष ओढायची. ओळखीचं वाटतं? जुना रेडिओ हेच करायचा. आकाशवाणी पुण्याची लहर सेकंदाला ७,९२,००० वेळा हेलकावते, पण निवेदकाचा आवाज तिच्या कडेच्या चढउतारात असतो. रेडिओतला डायोड लहर टाकून देतो आणि कड ठेवतो. या कडेला इंजिनिअर एन्व्हलप म्हणतात, म्हणजे आपला लखोटा. आतला ऐवज टाकून लखोटाच जपून ठेवायचा, आणि पत्ता त्यावरच!

रेष किती मऊ असावी, यात मात्र सगळी कसोटी. ८६ ठोक्यांमध्ये दर दोहोंतलं अंतर असतं सुमारे ११.६ मिलिसेकंद, घंटेचा सूर ३,००० चा धरला तर त्याची एक लाट जेमतेम ०.३३ मिलिसेकंदाची. रेष फार मऊ झाली तर ठोके एकमेकांत मिसळतात, फार चपळ राहिली तर घणघणाट पुन्हा आत शिरतो.

मला सर्वांत जास्त भुरळ घालते ती याहून सफाईदार रीत. जत्रेतला आकाशपाळणा अगदी बाजूने पाहा. वर्तुळ दिसतच नाही, पाळण्यात बसलेलं पोर नुसतं खाली-वर होतं. मधल्या उंचीवर असताना ते जणू शून्यावर असतं, पण पाळण्याचा घेर तेव्हा शून्य होतो का? समोर जाऊन त्याचं आडवं सरकणंही पाहिलं, की पायथागोरस कोणत्याही क्षणी घेर सांगतो. सेन्सरला दिसतं ते फक्त खाली-वर. न दिसलेली आडवी हालचाल हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाच्या नावाचं सूत्र उभी करून देतं. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये या दोन हालचालींची जोडी संदेशांच्या अभ्यासात आणली. घेर म्हणजेच लखोटा, एकही लाट न उलटता मिळालेला!

आता या लखोट्यातली कंपनं मोजा. ८६ वर सुळका, १७२ वर दुसरा, २५८ वर तिसरा. छर्रे थोडे घसरतात, त्यामुळे आकडा एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतो, एवढंच. खड्डा आतल्या कडीवर असेल तर १३० च्या दोन्ही बाजूंना २४-२४ च्या अंतरावर बारके सुळके उभे राहतात, कारण तो खड्डा शाफ्टबरोबर फिरत दर फेरीत एकदा भाराखाली येतो आणि तेव्हा ठोका जोरात पडतो.

मग फिटर पुलर लावून बेअरिंग ओढून काढतो, ग्रीस फडक्याने पुसतो आणि बाहेरच्या कडीच्या आतून नख फिरवतो. एका जागी नख अडतं.