शिल्लक जागेचा हिशेब

पायथॉन भाषेत ज्या यादीला 'लिस्ट' म्हणतात आणि जीत एकामागून एक घटक हवे तितके जोडत जाता येतात, ती वापरणाऱ्यास संगणकाच्या स्मृतीत जागा मागण्याची वा मागितलेली परत करण्याची तसदी कधी घ्यावी लागत नाही. ती सारी कारकुनी भाषेचा इंटरप्रिटर पडद्याआड निमूटपणे उरकत असतो. सी भाषेत मात्र ती स्वहस्ते करावी लागते, आणि तीत हयगय झाली की प्रोग्राम फुगत जातो.

ही कारकुनी घरबसल्या पाहता येते. प्रचलित ६४ बिटी पायथॉनला रिकाम्या यादीचा आकार विचारला, तर उत्तर येते ५६ बाइट. तीत एकच घटक घातला की तेच उत्तर ८८ होते. यादीच्या खणात वस्तू नसून वस्तूचा केवळ पत्ता असतो, व त्यास ८ बाइट पुरतात. तरीही ३२ बाइटांची, म्हणजे चार खणांची, मंजुरी आगाऊच घेऊन ठेवलेली असते. पुढचे तीन घटक घालताना आकडा जागचा हलत नाही. पाचव्याला तो १२० वर जातो. यादी बरीच वाढली की ही आगाऊ तजवीज सुमारे अष्टमांशावर येऊन ठरते. ही उधळपट्टी नव्हे. प्रत्येक घटकागणिक नवी जागा शोधून जुने पत्ते तिकडे उतरवून घ्यावयाचे ठरले असते, तर लाखभर घटकांची यादी उभी राहीपर्यंत सुमारे ५०० कोटी पत्ते हलवावे लागले असते!

उलट, एकेक घटक काढून यादी आटत चालली, तरी वापरातील खण मंजुरीच्या निम्म्याहून कमी होईपर्यंत ही जागा सोडली जात नाही. वरवर पाहता ही चिकाटी दप्तरी आळसासारखी वाटते. परंतु सीमेवरच घटक घालणे-काढणे चालू असता दर वेळी घेणे-देणे होऊ नये, यासाठी ती मला शहाणपणाचीच वाटते.

यादीकडे निर्देश करणारे शेवटचे नावही नाहीसे झाले की तिची संदर्भसंख्या शून्यावर येते व ती तत्काळ मोडीत निघते. परंतु तेव्हाही केवळ खणच परत जातात. यादीचा मूळ सांगाडा ८० पर्यंतच्या राखीव साठ्यात जमा होतो, आणि पुढच्या नव्या यादीस तोच दिला जातो. म्हणूनच एक रिकामी यादी निर्मून तिचा ओळखक्रमांक विचारावा, ती नष्ट झाल्यावर लगेच दुसरी निर्मावी, तर नवशिक्यास चक्रावून टाकणारा तोच क्रमांक बहुधा पुन्हा समोर येतो.