विश्लेषण : वेगळ्या धाटणीचा ‘युनिसेक्स’ परफ्यूम आपल्याला शोभेल का?

कागदी पट्टीवर हुंगलेला सुगंध दोन मिनिटांत मनात भरतो आणि महागडी बाटली घरी येते. आठवडाभरात मात्र तो नकोसा होतो आणि बाटली कपाटात मागे जाते. ‘निश’ परफ्यूमच्या बाबतीत असे अनेकदा घडते. एका बाटलीची किंमत बऱ्याचदा १० हजार रुपयांच्या पुढे असल्याने ही चूक महागात पडते. ती टाळायची कशी?

निश परफ्यूम म्हणजे काय?

मोठ्या कंपन्या बहुसंख्य ग्राहकांना रुचेल असा सुगंध बाजारात आणतात. निश ब्रँड मोजक्या ग्राहकांसाठी, कमी प्रमाणात आणि अधिक धाडसी सुगंध तयार करतात. फ्रान्समध्ये १९७६ मध्ये सुरू झालेला ‘लार्टिझां परफ्युमर’ हा यातील सुरुवातीच्या ब्रँडपैकी एक. ‘कॉम दे गार्सों’ने १९९८ मध्ये आणलेल्या ‘ओडर ५३’मध्ये तर फुलांऐवजी वाऱ्यावर वाळणारे कपडे, नेलपॉलिश, जळके रबर अशा वासांची कल्पना होती. असे सुगंध सर्वांना आवडावेत, ही अपेक्षाच नसते.

‘युनिसेक्स’ला किती महत्त्व द्यावे?

फारसे नाही. फुलांचा वास स्त्रियांचा आणि लाकडाचा पुरुषांचा, ही विभागणी मुख्यतः बाजारपेठेने रुजवली. गेरलँचा १८८९ मधील ‘जिकी’ स्त्री-पुरुष दोघेही वापरत. १९९४ मधील ‘सीके वन’ने युनिसेक्स ही कल्पना जगभर लोकप्रिय केली. आपल्याकडे तर मोगरा, वाळा, हिना यांच्या अत्तराचा फाया कानात ठेवणारे पुरुष पूर्वापार आहेत. त्यामुळे परफ्यूम कोणासाठी आहे, यापेक्षा तो आपल्या त्वचेवर कसा वागतो, हे पाहावे.

कागदी पट्टी पुरेशी का नाही?

पट्टीवर सर्वात आधी जाणवतात ते लिंबू, संत्रे यांसारखे हलके घटक. ते लवकर उडतात. त्यानंतर फुलांचे, मसाल्यांचे घटक जाणवतात आणि काही तासांनी लाकूड, कस्तुरी, राळ यांसारखे जड घटक उरतात. दिवसाचा मोठा भाग या शेवटच्या टप्प्यासोबतच काढायचा असतो. शिवाय त्वचेची ऊब, तेलकटपणा आणि घाम यांचाही परिणाम होतो. कोरड्या त्वचेवर सुगंध कमी टिकतो. पुण्याच्या थंडीत सौम्य वाटलेला परफ्यूम मुंबईच्या दमट उन्हाळ्यात अंगावर येऊ शकतो.

स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवावा का?

आवडीबाबत जरूर, तीव्रतेबाबत नाही. जर्मन सुगंधकार गेझा शोन यांचा २००६ मधील ‘मॉलिक्युल ०१’ हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात ‘आयसो ई सुपर’ हा एकच कृत्रिम सुगंधी घटक आहे. देवदारासारखा हा मंद वास काहींना स्पष्ट येतो, काहींना मधूनमधून, तर काहींना जवळजवळ येतच नाही. काही प्रकारच्या कस्तुरीगंधांबाबतही असेच होते. त्यातच एकच वास सतत आला की नाक त्याला सरावते. ‘वास गेला’ असे समजून पुन्हा फवारे मारले, तर लोकलमध्ये किंवा कार्यालयात शेजारच्याला त्रास होतो.

चाचणी कशी घ्यावी?

एका दिवशी एकच परफ्यूम लावावा. बिनवासाच्या साबणाने धुतलेल्या मनगटावर एक फवारा पुरे. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. १० मिनिटांनी, दोन तासांनी आणि सहा तासांनी वास घेऊन दोन शब्दांत नोंद करावी. नाक थकल्यास थोडा वेळ मोकळ्या हवेत जावे. घरातील एखाद्याला हातभर अंतरावरून वास येतो का, हे विचारावे. त्वचेला खाज सुटली, चट्टे उठले किंवा डोके दुखू लागले, तर तो परफ्यूम बाद.

अंतिम निर्णय कधी घ्यावा?

पूर्ण बाटलीआधी दोन मिलीची कुपी घ्यावी. त्यात साधारण २० फवारे मिळतात. एक दिवस कामावर, एक दिवस घरी, एक दिवस उन्हात असा तो लावून पाहावा. विचित्र वास पहिल्या दिवशी खटकला तरी लगेच नाकारू नये; सवयीने काही सुगंध उलगडत जातात. मात्र तिसऱ्या-चौथ्या वेळीही तो कधी उतरतो याची वाट पाहावी लागत असेल, तर तो आपला नव्हे, मग कौतुक करणारे कितीही असोत. उलट कुपी संपल्यावर त्याची आठवण आली, तर बाटली घ्यायला हरकत नाही.