कर्नल साइक्सचा टिनाचा डबा

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला कर्नल साइक्स हे नाव ऐकून तरी माहीत असतं. कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहून त्याने इंद्रवज्र पाहिलं: समोरच्या धुक्यावर उमटलेलं पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. गडाविषयीच्या लेखांत या घटनेचं साल बहुधा १८३५ दिलेलं असतं. ते चूक आहे. साइक्स १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता. १८३५ हे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्याचा दख्खनच्या हवामानावरचा लेख छापून आल्याचं साल. साठ पानांच्या त्या लेखात इंद्रवज्र ओझरतं येतं. लेखाचा खरा विषय आहे हवेचा दाब. तीन वर्षांनी, १८३८ मध्ये, त्याने रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात आणखी एक छोटा लेख लिहिला: साध्या तापमापकाने डोंगराची उंची कशी काढावी. माझं मन अनेक वर्षं अडकून आहे ते या दुसऱ्या लेखात.

विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारने त्याला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमलं आणि पुढची सात वर्षं तो पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या मुलखांत हिंडला. लोकसंख्या, जमीनधारा, पिकं, मासे, पक्षी, रेशमाचे किडे, जे दिसेल ते त्याने नोंदलं. माळरानावरच्या एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात गेला. ते सगळं सोडून देऊ. आपल्याला हवा आहे तो घाटमाथ्यावर पारा वाचत बसलेला साइक्स.

त्या काळी उंची काढायची तर पाऱ्याचा बॅरोमीटर लागे. जवळपास तीन फुटांची काचेची नळी, तिच्यात पारा, आणि घाटाची वाट. नळी फुटली की सगळं काम बुडालं. दुसरा मार्ग ठाऊक होता. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, तेव्हा उकळबिंदूवरून दाब आणि दाबावरून उंची काढता येते. फॅरनहाइटने ही कल्पना १७२४ मध्येच मांडली होती. १८१७ मध्ये वुलस्टन नावाच्या पाद्र्याने त्यासाठी खास तापमापक बनवला, अतिशय संवेदनशील, पण तितकाच नाजूक. साइक्सचं म्हणणं असं की एवढ्या थाटाची गरज नाही. बाजारात मिळणारा साधा तापमापक घ्या. नऊ इंच उंच आणि दोन इंच व्यासाचा टिनाचा डबा करून घ्या. त्यात खालीवर सरकणारी टिनाचीच नळी बसवा, तिच्या तोंडाशी बुचातून तापमापक ओवा, वाफेला बाहेर पडायला भोक ठेवा. चार-पाच इंच स्वच्छ पाणी घाला, तापमापकाचा फुगा तळापासून दोन इंचांवर आणा आणि पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळू द्या. पारा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. एका वाचनावर विसंबायचं नाही. त्याच सुमाराला सावलीतल्या हवेचं तापमानही टिपायचं.

हे वाचताना मला हेवा वाटतो. प्रॅक्टिकलच्या कुठल्याही पुस्तकात उकळबिंदूची कृती इतक्या मायेने लिहिलेली मला आढळलेली नाही.

पद्धत निर्दोष नव्हती. साइक्सचा फुगा पाण्यात बुडालेला असे, आणि पाणी कधी कधी उकळबिंदूच्या वर चढूनही उकळत नाही. भांडं, क्षार, तळाची आच, सगळं आकड्यात शिरतं. वाफेचं तसं नसतं. म्हणूनच रॉयल सोसायटीच्या कॅव्हेंडिश समितीने १७७७ मध्येच तापमापकाचा वरचा बिंदू ठरवताना फुगा वाफेत ठेवावा असं सांगितलं होतं, आणि म्हणूनच आजही ऊर्ध्वपातन करताना फुगा फ्लास्कच्या बाजूच्या नळीसमोर, वाफेच्या वाटेत धरतात. या मुद्द्यावर मी साइक्सच्या नव्हे, कॅव्हेंडिशच्या बाजूचा आहे. पण साध्या उपकरणावर, त्याचे दोष ओळखून, भरवसा ठेवावा या त्याच्या आग्रहापुढे मान झुकते.

कारण दोष किती महागात पडतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दख्खनच्या उंचीवर एका फॅरनहाइट अंशाला सुमारे साडेपाचशे फूट पडतात. म्हणजे तापमापक एका अंशाने खोटा बोलला तर डोंगर साडेपाचशे फुटांनी वाढतो किंवा खचतो. शिवाय हवेलाही भरतीओहोटी असते. दाब सकाळी नऊ-दहाला चढतो, दुपारी चार-पाचला उतरतो, रात्री पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. हम्बोल्टने दक्षिण अमेरिकेत हेच पाहिलं होतं. साइक्सने दख्खनमध्ये ते तासातासाच्या नोंदींनी दाखवून दिलं. हा फरक पाऱ्याच्या एक दशांश इंचाच्या आसपास असतो. तेवढ्यानेही उंचीत नव्वदएक फुटांची चूक होते.

उंचीचा हाच हिशेब घेऊन आता नगर शहरात या. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, त्यानंतर जिल्ह्यात तालुक्यातालुक्याला कॉलेजं झाली, आणि बी.एस्सी.च्या पिढ्यांनी ‘फिजिकल कॉन्स्टंट’, म्हणजे उकळबिंदू आणि वितळबिंदू, काढले. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. इथे पाऱ्याचा स्तंभ ७६० नव्हे, ७०५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या थोडं खालीच उकळतं. पुस्तकात टोल्युइनचा उकळबिंदू ११०.६ आहे, इथे तो १०८च्या आसपास येणार. बेन्झीन ८०.१ ऐवजी पावणेअठ्ठ्याहत्तरला, ॲनिलीन १८४ ऐवजी १८१ला. पुस्तक खोटं नाही आणि विद्यार्थ्याचा हातही वाईट नाही. मधे साडेसहाशे मीटर हवा कमी आहे, इतकंच.

मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे मात्र १०८ आलं तरी जर्नलमध्ये ११० लिहायला सांगत. एक्स्टर्नल परीक्षक समोर असले तर हमखास. त्याचा राग मला आजही येतो. मुलाच्या हातातल्या तापमापकाने त्याला त्याच्या गावाची उंची सांगितली होती, आणि ती खोडून तिथे दुसऱ्याच कुणाच्या समुद्रकाठचा आकडा लिहायला लावला. दाबाची दुरुस्ती पुस्तकात दिलेली असते. दहा मिलिमीटरला साधारण अर्धा अंश, पाणी-अल्कोहोलसारख्या द्रवांना थोडी कमी. एक ओळ गणित आहे. ते करून १०८ आणि ११० दोन्ही लिहावेत.

वितळबिंदूच्या बाबतीत ही भानगड नाही. घन आणि द्रव यांच्या आकारमानात फरक इतका थोडा असतो की नगरच्या हवेने नॅप्थलीनचा वितळबिंदू अंशाच्या शंभराव्या भागानेही हलत नाही. म्हणून तर शेव्रलने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चरबीतली आम्लं वेगळी करताना शुद्धतेची कसोटी म्हणून वितळबिंदू धरला. पदार्थ शुद्ध असेल तर एखाद्या अंशात वितळून मोकळा होतो, भेसळ असेल तर आधीच मऊ पडतो आणि रेंगाळत वितळतो. युरिया आणि सिनॅमिक आम्ल, दोघांचाही वितळबिंदू १३३च्या आसपास, पण एकत्र खलले तर मिश्रण वीसएक अंश आधीच ढासळतं. हा प्रयोग एकदा पाहिलेला विद्यार्थी ‘मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट’ जन्मभर विसरत नाही. एका टोकाला बंद केलेली केशनळी, लिक्विड पॅराफिन आणि १९०७ ची थीलेची नळी, एवढ्या सामानावर ही कसोटी आजही चालते.

दाब उतरवून उकळबिंदू खाली आणायची युक्ती तर या जिल्ह्याचं पोट भरते. साखरेचा पाक उघड्या काहिलीत आटवला तर तापमान शंभराच्या बरंच वर जातं आणि तो तांबूस होतो. गुऱ्हाळात तेच हवं असतं. कारखान्यात पांढरा दाणा हवा. एडवर्ड हॉवर्डने १८१३ मध्ये पेटंट घेतलेल्या व्हॅक्युम पॅनमध्ये पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळतो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्यांच्या मालकीच्या पॅनमध्ये हेच रसायनशास्त्र उकळत होतं.

साइक्सच्या डब्याचा प्रयोग आज करायचा तर कॉलेजच्या कपाटात सगळं आहे. अडचण एकच, तापमापक खरं बोलतो का? त्याचं उत्तर वितळबिंदूतच आहे, कारण तो उंचीला बधत नाही. शुद्ध नॅप्थलीन ८०.२, मेटा-डायनायट्रोबेन्झीन ९०, ॲसिटॅनिलाइड ११४. या तीन पुड्या थीलेच्या नळीत तपासल्या की आपला तापमापक कुठे किती चुकतो हे कळतं. मग त्याच तापमापकाने नगरमध्ये सकाळी दहाला आणि दुपारी चारला पाणी उकळून बघावं. फरक सेल्सिअस अंशाच्या दहाव्या भागाएवढा येईल, तेव्हा एक दशांशाच्या खुणा असलेला तापमापक असेल तर उत्तम. फुगा पाण्यात बुडवू नये, वाफेत ठेवावा. नंतर अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर, सुमारे १४२० मीटरवर. तिथे पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळायला हवं. आणि पाय धड असतील तर कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, तिथे आकडा ९५च्याही खाली जाईल. स्टोव्हभोवती वारा अडवायला आडोसा लागेल. पाणी पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित घ्यावं, दहा-पंधरा मिनिटं उकळू द्यावं, आणि जर्नलमध्ये जो आकडा दिसेल तोच लिहावा.