बर्फाच्या गुहेची वाट

आपल्या हिंगोली जिल्ह्यात बर्फ पडत नाही. आपण बर्फ पाहतो तो सरबताच्या गाडीवर, नाहीतर गारा पडतात तेव्हा. आणि गारा पाहून आपल्याला काही आनंद होत नाही. हरभरा आणि गहू आडवा झालेला डोळ्यांपुढे येतो.

पण आपल्याच देशात अशी एक गुहा आहे, की तिच्यात दर वर्षी आपोआप बर्फाची पिंड तयार होते. ती गुहा म्हणजे काश्मीरमधील अमरनाथ. आपल्या गावांतूनही माणसे तिथे जातात. औंढ्याच्या नागनाथाला बेल वाहतात आणि जम्मूची गाडी धरतात. बहुतेक सुखरूप परत येतात. काही आजारी होऊन येतात. म्हणून ही गुहा कशी आहे, तिथे बर्फ कसा होतो आणि तिथे जावे कसे, हे आपण समजून घेऊ.

पिंड कशी तयार होते?

औंढ्याचा गाभारा तुम्ही पाहिला असेल. तो खाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, अंग चोरून जावे लागते. अमरनाथचे उलटे आहे. तिथे चढून जावे लागते. ती गुहा समुद्रसपाटीपासून ३,८८८ मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी गुहा तिच्याही वर राहील.

जितके उंच जावे, तितकी हवा थंड. हजार मीटर चढले, की साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंडी वाढते. तिथे हिवाळ्यात डोंगरावर बर्फाचे थर साचतात. पुढे ऊन तापू लागले, की वरचा बर्फ वितळतो. त्याचे पाणी खडकाच्या फटींतून झिरपते आणि गुहेच्या छतातून ठिबकते. पावसाळ्यात आपले कौल गळते ना, तसे. पण गुहेच्या आत अजून कडाक्याची थंडी असते. खाली पडलेला थेंब तिथेच गोठतो. त्यावर दुसरा पडतो, तोही गोठतो. मेणबत्तीचे मेण ठिबकून खाली जसा ढीग होतो, तशी ही पिंड खालून वर वाढते.

चंद्राच्या कलेप्रमाणे पिंड वाढते आणि घटते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ते असे : थंडी आणि पाणी पुरेसे असले, की पिंड मोठी होते. ऊन वाढले, की ती वितळते. काही वर्षी तर यात्रा संपण्याच्या आधीच ती विरघळून जाते. पिंड दिसली नाही, तर कोणाचे पाप आडवे आले असे मानू नये.

ही यात्रा जुनी आहे. बाराव्या शतकात कल्हण पंडिताने काश्मीरच्या राजांचा इतिहास लिहिला. त्यात या देवाचा उल्लेख आहे. स्वामी विवेकानंद १८९८ साली इथे चालत आले होते.

दोन वाटा

गुहेकडे दोन वाटा जातात. एक पहलगामची. पहलगामपासून चंदनवाडीपर्यंत मोटार जाते. तिथून गुहा सुमारे ३२ किलोमीटर. शेषनाग आणि पंचतरणी इथे मुक्काम करीत माणसे जातात. दुसरी वाट बालतालची. ती सुमारे १४ किलोमीटर, पण फार खडी. अंतर कमी दिसले, की आपल्याला ती सोपी वाटते. पण तिथे एकाच दिवसात फार उंच जावे लागते, आणि शरीराला ते झेपेलच असे नाही.

का झेपत नाही? उंचावर हवा विरळ असते. आपल्या गावी दोन श्वासांत जेवढा प्राणवायू मिळतो, तेवढ्यासाठी गुहेपाशी तीन श्वास घ्यावे लागतात. शरीर या हवेला हळूहळू सरावते. पण त्याला दिवस द्यावे लागतात. नवा बैल आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपतो का? तसेच हे.

आबांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी आमच्या भागातील मंडळींबरोबर पहलगामच्या वाटेने गेलो होतो. आमच्यात एक शेतकरी होते. त्यांना आपण आबा म्हणू. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटक. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी तपासताना विचारले, "दम लागतो का?"

आबा म्हणाले, "छ्या! मला कशाचा दम?"

खरे म्हणजे थंडीत त्यांना दम लागायचा. दाखला मिळणार नाही, या भीतीने ते खोटे बोलले. मला ते ठाऊक होते. मी मास्तर माणूस, पण मीही गप्प बसलो.

चंदनवाडीहून आबा सर्वांच्या पुढे निघाले. शेषनागला सर्वांत आधी पोहोचले. रात्री मात्र जेवले नाहीत. "पित्त झालंय," म्हणाले. डोके दुखत होते, ते सांगितले नाही. पहाटे त्यांची बायको माझ्या तंबूशी आली.

"गुरुजी, जरा बघा हो. हे बसल्या जागी धापा टाकतेत. उभं राहिले, की झोकांड्या जातेत. यांनी तर कधी दारूला हात लावला नाही."

तिथल्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी प्राणवायू दिला आणि सांगितले, "यांना आत्ता खाली न्या. उशीर केला तर जीव जाईल."

आबा रडू लागले. "नागनाथाच्या पायथ्याचा माणूस मी. देवाला पाठ कशी दाखवू?"

बायको म्हणाली, "देव कुठं पळून चाललाय? तुम्ही चला."

घोडेवाला काश्मिरी मुसलमान होता. त्याने आपले कांबळे आबांच्या अंगावर टाकले आणि सारी वाट त्यांना एका हाताने धरून खाली आणले. संध्याकाळी पहलगामला आबांनी भाकरी मागितली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. त्या वर्षी आम्हा तिघांना गुहा दिसली नाही. मी ती पाहिली पुढच्या वर्षी. आबा काही पुन्हा गेले नाहीत. ते दर सोमवारी औंढ्याला जातात.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

यात्रेसाठी नाव नोंदवावे लागते आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. तेरा वर्षांखालील मुलांना आणि सत्तरीपुढील माणसांना परवानगी नाही. सहा आठवड्यांवरील गरोदर बाईलाही नाही. आता तुम्हाला वाचता येते. दाखल्याचा कागद स्वतः वाचा. न वाचता सही करू नका. दमा, रक्तदाब, हृदयाचा विकार असेल, तर लपवू नका.

हळू चाला. पाणी वरचेवर प्या. दारू, विडी नको. डोके दुखले, मळमळले, तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर रात्र असो की दिवस, डॉक्टरांकडे न्या आणि खाली उतरवा. खाली उतरणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

आभाळाकडे लक्ष ठेवा. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अवेळी बर्फाचे वादळ आले आणि सुमारे २४० माणसे दगावली. ८ जुलै २०२२ रोजी गुहेजवळ अचानक लोंढा आला, त्यात १५ हून अधिक माणसे गेली. कयाधूला पूर आला, की आपण काठावरून मागे सरतो. तिथेही ओढ्याच्या पात्रात बसू नका. वाट बंद केली असेल, तर हट्ट धरू नका. गरम कपडे आणि पावसाचे कापड जवळ ठेवा.

आणखी एक. हे डोंगर रिकामे नाहीत. बालतालच्या बाजूला अभयारण्य आहे. तिथे अस्वल आणि कस्तुरी मृग राहतात. इथले पाणी पुढे लिद्दर आणि सिंध या नद्यांना मिळते. खालच्या गावांतील माणसे तेच पाणी पितात. नेलेली प्लास्टिकची पिशवी परत आणा.

आणि बरोबरच्या माणसाला दम लागतो हे तुम्हाला ठाऊक असेल, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. निघण्याआधीच बोला.